मेलबर्नची पहाट, ठाण्याची रात्र: वर्ल्ड कपचं टाईमटेबल ऑस्ट्रेलियाच्या घड्याळाला कसं लावायचं

३ डिसेंबर २०२२, शनिवार. कतारच्या फुटबॉल वर्ल्ड कपमधे ऑस्ट्रेलियाची अर्जेंटिनाशी मॅच होती आणि मेलबर्नहून दादाचा मेसेज आला, रविवारी सकाळी सहाला मॅच आहे, तुझा भाचा म्हणतोय आत्याबरोबरच बघणार, व्हिडिओ कॉल लावतो. डिसेंबरमधे मेलबर्न आपल्यापुढे साडेपाच तास, सहातून साडेपाच गेले की रात्रीचे साडेबारा, हिशोब एकदम बरोबर होता माझा. आणि मी अलार्म लावला रविवारी रात्री साडेबाराचा. मॅच होती शनिवारी रात्री साडेबाराला. म्हणजे मी इकडे वर्तकनगरला फोन सायलेंटवर टाकून गाढ झोपलेले आणि तिकडे नऊ वर्षांचा पोरगा पिवळा टीशर्ट घालून फोनवर फोन लावतोय. मेस्सीचा गोल, मग अल्वारेझचा, मग ऑस्ट्रेलियाने एक परत केला, अगदी शेवटच्या क्षणी कुओलचा शॉट मार्टिनेझने अडवला, २-१ ने संपली मॅच, आणि हे सगळं त्याने माझ्याशिवाय बघितलं. नंतर त्याने एकच विचारलं, आत्या तू फोन का नाही उचललास. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून आमच्या ग्रुपचं मॅचचं टाईमटेबल मी करते. दादा मेलबर्नला, मामेबहीण पर्थला, शेजारच्या काकूंचा मुलगा शिकायला ॲडलेडला, आणि आम्ही बाकीचे सगळे ठाण्यात. ठाणे, डोंबिवली, वाशी, नेरूळ इकडची इतकी घरं बघते की ज्यांचं कोणी ना कोणी ऑस्ट्रेलियात आहे, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय, आणि तिकडे बसून वाचणाऱ्यांसाठी तर जास्तच.

आधी मुख्य गोष्ट सांगते. तास कोणी चुकत नाही, तास फोन सांगतो. चुकतो तो वार. आणि मराठी माणूस तो हमखास चुकतो कारण आपली बोलायची पद्धतच तशी आहे, आपल्याकडे पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो आणि बोलण्यातही तेच आलंय, आपण रात्री साडेबाराला "शनिवारी रात्री साडेबारा" म्हणतो तेव्हा कॅलेंडरवर रविवार लागून अर्धा तास झालेला असतो. पण तेच "पहाटे साडेतीन" म्हटलं की वार आपोआप पुढचा होतो, "रविवारी पहाटे". म्हणजे रात्री म्हटलं की मागचा वार, पहाटे म्हटलं की पुढचा. आता मेलबर्नचा माणूस म्हणतो रविवारी पहाटे आणि आपण म्हणतो शनिवारी रात्री, दोघंही बरोबर, मॅच एकच, आणि मधे गोंधळ. म्हणून आमच्या ग्रुपवर नियम आहे की नुसती वेळ लिहायची नाही, शहर, वार, तारीख, वेळ चारही गोष्टी लिहायच्या. "मेलबर्न शनि २० जून पहाटे ५ / ठाणे शुक्र १९ ची रात्र १२:३०." "१९ ची रात्र" हा शब्द मुद्दाम ठेवलाय, तो सगळ्यांना कळतो, अगदी आईलाही.

ऑस्ट्रेलियाची जूनमधली तीन घड्याळं

वर्ल्ड कप ११ जून ते १९ जुलै २०२६, तेव्हा ऑस्ट्रेलियात हिवाळा असतो, घड्याळं पुढेमागे करायची भानगड तेव्हा नसते. त्यामुळे मुख्य घड्याळं तीनच. पूर्वेचं, ज्यात सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, कॅनबेरा, होबार्ट सगळे एकत्र येतात, ते आपल्यापुढे साडेचार तास. मधलं, ॲडलेड आणि डार्विन, ते बरोब्बर चार तास पुढे. आणि पश्चिमेचं पर्थ, अडीच तास पुढे.

ॲडलेडचं मला फार आवडतं, त्यांचंही घड्याळ आपल्यासारखंच अर्ध्या तासाचं आहे, जगाच्या मूळ वेळेपासून आपण साडेपाच आणि ते साडेनऊ, दोघांचे अर्धे अर्धे कटतात आणि फरक सरळ चार तास राहतो. काकूंना मी एवढंच सांगितलंय, मुलाच्या घड्याळातून चार काढा. बास.

साडेचार आणि अडीच काढताना मात्र लोक अडखळतात, विशेषतः झोपेत. त्याला सोपी युक्ती, मेलबर्नमधून पाच काढायचे आणि अर्धा परत द्यायचा, पर्थमधून तीन काढायचे आणि अर्धा परत द्यायचा. मेलबर्न दुपारी दोन, पाच काढले सकाळचे नऊ, अर्धा परत, साडेनऊ. पर्थ दुपारी बारा, तीन काढले नऊ, अर्धा परत, साडेनऊ. दोन्हीकडून साडेनऊ आले म्हणजे हिशोब जुळला.

तिकडे राहणाऱ्यांसाठी एक, टीव्हीवरच्या जाहिरातीत आणि पेपरात बहुतेक वेळा पूर्वेचीच वेळ असते, पुढे एईएसटी लिहिलेलं असतं, कधी नुसतं ईएसटी. पर्थवाल्यांनी त्यातून दोन तास काढायचे, ॲडलेडवाल्यांनी अर्धा. आणि ईएसटी बघून फसू नका, अमेरिकेतही पूर्वेच्या वेळेला हेच नाव आहे. कुठल्या देशाच्या साईटवर वाचताय ते आधी बघा.

अमेरिकेचं घड्याळ, आणि पर्थची खुंटी

यावेळी तीन देशांत स्पर्धा, अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, १६ शहरं, ४८ टीम आणि १०४ मॅच. न्यूयॉर्क-न्यूजर्सी, बोस्टन, फिलाडेल्फिया, मायामी, अटलांटा, टोरांटो हे एका घड्याळावर. डॅलस, ह्यूस्टन, कॅन्सस सिटी त्यांच्या एक तास मागे. मेक्सिकोची तिन्ही शहरं दोन तास मागे, कारण मेक्सिकोने २०२२ मधे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणं बंद केलं, जुन्या आठवणीवर जाऊ नका. आणि लॉस एंजलिस, सॅन फ्रान्सिस्को, सिॲटल, व्हँकुव्हर तीन तास मागे.

हे सगळं पाठ करायची काही गरज नाही हो. मी सुरुवातीला प्रत्येक शहरावरून वेगळा हिशोब करायचे आणि दोन तासांत डोकं भणभणायला लागायचं. आता एकच पद्धत, मॅच कुठेही असो, न्यूयॉर्कची वेळ घ्यायची, अमेरिकेच्या तक्त्यात तीच दिलेली असते, पुढे ईटी लिहिलेलं असतं. आणि न्यूयॉर्कवरून उडी थेट पर्थला मारायची. जूनमधे न्यूयॉर्क आणि पर्थमधे बरोब्बर बारा तासांचा फरक आहे, म्हणजे घड्याळाचे काटे दोन्हीकडे अगदी त्याच जागी, फक्त दिवसाची रात्र. न्यूयॉर्क दुपारी तीन म्हणजे पर्थ पहाटे तीन, पुढच्या तारखेचे. न्यूयॉर्क रात्री नऊ म्हणजे पर्थ सकाळी नऊ, पुढच्या तारखेचे. काही बेरीज नाही, वजाबाकी नाही. मग पर्थ ही खुंटी धरून बसायचं, तिथून दोन तास पुढे मेलबर्न, दीड तास पुढे ॲडलेड आणि अडीच तास मागे ठाणे. एकदा करून बघा, दोन दिवसांत जिभेवर बसतं.

तक्ता कुठल्या वेळेचा आहे ते ओळखायचं

व्हॉट्सॲपवर रंगीत तक्ते फिरतात, झेंडे वगैरे लावलेले, छान दिसतात, आणि कुठल्या देशाच्या वेळेत आहेत ते खाली कुठेच लिहिलेलं नसतं. असा तक्ता आला की मी दुसरं काही बघत नाही, फक्त पहिली मॅच बघते. मेक्सिको विरुद्ध दक्षिण आफ्रिका, मेक्सिको सिटी, ११ जून, गुरुवार, तिथल्या घड्याळात दुपारी एक. हीच एक मॅच सगळ्या तक्त्यांची परीक्षा घेते.

पहिल्या मॅचपुढे दुपारी १ लिहिलं असेल तर तक्ता स्थानिक वेळेत आहे, म्हणजे पुढे प्रत्येक शहराला वेगळी वेळ, तो फेकून द्या. दुपारी ३ असेल तर न्यूयॉर्कची, दुपारी १२ असेल तर लॉस एंजलिसची. संध्याकाळी ७ असेल तर यूटीसी, म्हणजे जगाची मूळ वेळ. रात्री ८ म्हणजे लंडन, रात्री ९ म्हणजे माद्रिद-पॅरिस. इथपर्यंत तारीख ११ च राहते. १२ जूनच्या रात्रीचे १२:३० असतील तर आपली भारताची, पहाटे ३ तर पर्थ, पहाटे ४:३० तर ॲडलेड, पहाटे ५ तर सिडनी-मेलबर्न. आणि वेळ १२:३० पण तारीख ११ लिहिली असेल, तर तक्ता करणाऱ्याने माझ्यासारखीच चूक केलीय, तो पुढे पाठवू नका, खरंच सांगते, शंभर घरांत ती चूक जाते.

कुठल्या मॅच कोणाच्या वाट्याला

ग्रुपच्या मॅच न्यूयॉर्कच्या घड्याळाने दुपारी बारापासून मध्यरात्री बारापर्यंत सुरू होत राहतात. सगळ्या ठरलेल्या पाच वेळांतच बसत नाहीत, काही अधेमधे तासभर इकडेतिकडे आहेत, पण हे पाच टप्पे डोक्यात ठेवले की बाकीचं लागतं.

न्यूयॉर्कची दुपार बारा, ती ठाण्यात त्याच तारखेच्या रात्री साडेनऊला. जेवून निवांत बसायची वेळ, आपल्यासाठी याच्यापेक्षा चांगली नाही, पण पर्थला मध्यरात्र झालेली असते आणि मेलबर्नला रात्रीचे दोन. तिकडच्यांना यासाठी उठवू नका. आणि लक्षात घ्या, बारा ते दोनच्या सुमारासच्या या मॅचच अशा की अमेरिकेची आणि आपली तारीख एकच आणि ऑस्ट्रेलियाची पुढची, बाकी सगळीकडे आपण आणि ऑस्ट्रेलिया बरोबर असतो आणि अमेरिका एक दिवस मागे.

न्यूयॉर्क दुपारी तीन, ती आपली रात्री साडेबारा, पर्थ पहाटे तीन, मेलबर्न पहाटे पाच. वाराचा घोळ होतो तो इथेच. मोठ्या मॅचही इथेच येतात, दोन्ही सेमीफायनल, फायनल, सगळं.

न्यूयॉर्क संध्याकाळी सहा म्हणजे आपले पहाटे साडेतीन, पर्थ सकाळी सहा, मेलबर्न सकाळी आठ. यासाठी ठाण्यात जागू नका हे माझं स्पष्ट मत आहे. साडेतीनला उठलं तर साडेपाचला संपते, मग झोप लागत नाही, पाणी भरायची वेळ होते, डबे, आणि आठची लोकल उभ्याने डुलक्या घेत. ती मॅच मेलबर्नवाल्यांची, त्यांना बघू दे, आपण सकाळी स्कोअर न बघता रेकॉर्डिंग लावायचं.

न्यूयॉर्क रात्री नऊ म्हणजे आपले सकाळी साडेसहा, पर्थ नऊ, ॲडलेड साडेदहा, मेलबर्न अकरा. सगळ्या घराने एकत्र बघायची असेल तर हीच. शनिवार-रविवारी या वेळेची मॅच असली की मी बाकी काही ठरवतच नाही, बाहेर पाऊस, हातात चहा, कॉलवर चार घरं. आणि न्यूयॉर्क मध्यरात्र म्हणजे आपले सकाळी साडेनऊ, पर्थ दुपारी बारा, मेलबर्न दुपारी दोन. यातही तारखेची एक खोच आहे, पश्चिम किनाऱ्यावर १३ तारखेच्या रात्री नऊला सुरू होणारी मॅच न्यूयॉर्कच्या तक्त्यात १४ तारखेला रात्री बारा अशी येते. दोन तक्त्यांत दोन तारखा दिसल्या तर घाबरू नका, मॅच एकच आहे.

ऑस्ट्रेलियाच्या तीन मॅच, हिशोबासकट

सॉकरूज, म्हणजे ऑस्ट्रेलियाची फुटबॉल टीम, सलग सहाव्यांदा वर्ल्ड कपला चाललेत, २००६ पासून एकही चुकलेला नाही. ग्रुप डी मधे आहेत, अमेरिका आणि पॅराग्वे बरोबर, आणि चौथी टीम युरोपच्या प्लेऑफमधून. तिन्ही मॅच पश्चिम किनाऱ्यावर, त्यामुळे तीन वेगळ्या वेळा मिळाल्यात आणि सराव म्हणून छान आहेत.

पहिली व्हँकुव्हरला, शनिवार १३ जून रात्री नऊ, त्याच प्लेऑफवाल्या टीमशी. न्यूयॉर्क रात्री बारा, पर्थ रविवार १४ जून दुपारी बारा, ॲडलेड दीड, मेलबर्न दोन, ठाणे रविवार सकाळी साडेनऊ. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही. रविवारी मेगाब्लॉक असतोच, कुठे जायचंच नाही, सकाळी मिसळ आणून ठेवायची आणि बसायचं.

दुसरी अमेरिकेशी, सिॲटलला, शुक्रवार १९ जून दुपारी बारा. न्यूयॉर्क दुपारी तीन, पर्थ शनिवार २० जून पहाटे तीन, ॲडलेड साडेचार, मेलबर्न पाच, ठाणे १९ ची रात्र साडेबारा. बघा, कतारच्या मॅचसारखीच परत आली, तिकडे पहाट इकडे साडेबारा, फक्त एक वार अलीकडे. शुक्रवारी ऑफिसमधून आलं की झोपायचं नाही, हीच ती रात्र.

तिसरी पॅराग्वेशी, सॅन फ्रान्सिस्कोजवळ सँटा क्लाराला, गुरुवार २५ जून संध्याकाळी सात. न्यूयॉर्क रात्री दहा, पर्थ शुक्रवार २६ जून सकाळी दहा, ॲडलेड साडेअकरा, मेलबर्न दुपारी बारा, ठाणे शुक्रवार सकाळी साडेसात. आपल्याकडे ऑफिसला निघायची गडबड आणि त्यांच्याकडे ऑफिस, शाळा सुरू असताना. दादाने तो दिवस घरून काम करायचं ठरवलंय, मी पहिला हाफ घरी आणि दुसरा ट्रेनमधे.

लिहून कुठे आणि कसं ठेवायचं

दोन ठिकाणी, भिंतीवर आणि फोनमधे. भिंतीवर कालनिर्णय, त्यात जूनच्या पानावर चौकोनात पेनाने. पण साडेबाराची मॅच कुठल्या चौकोनात लिहायची हा मोठा प्रश्न असतो, मी ती मागच्या वाराच्या चौकोनात खाली लिहिते आणि पुढे "रात्र" लिहून खाली रेघ मारते, कारण मला जागायचं आहे ती रात्र तीच. साडेतीन आणि साडेसहाच्या मॅच पुढच्या चौकोनात वर. आपण जसं बोलतो तसंच लिहायचं, म्हणजे वाचताना भाषांतर करावं लागत नाही.

फोनमधे मात्र उलट. फोन मध्यरात्रीला वार बदलतो, तो आपलं ऐकणार नाही. म्हणून कॅलेंडरमधे मॅच टाकताना हिशोब करून टाकू नका, गूगल कॅलेंडरमधे वेळेच्या खाली टाइम झोन निवडता येतो, तो न्यूयॉर्क निवडा आणि तक्त्यातली वेळ जशीच्या तशी टाका, दुपारी तीन तर दुपारी तीन. मग त्यात दादाला, बहिणीला, सगळ्यांना इनव्हाइट करा, प्रत्येकाच्या फोनमधे ती आपापल्या घड्याळाने दिसते. एकाने टाकली की झालं. क्लॉक ॲपमधे न्यूयॉर्क, पर्थ, ॲडलेड, मेलबर्न चारही शहरं टाकून ठेवा, हिशोब केल्यावर तिथे एकदा ताडून बघायचं.

आणि अलार्म. याने माझी भीती कायमची गेली म्हणून नीट सांगते. साडेबाराच्या मॅचचा अलार्म सव्वाबाराचा लावायचाच नाही. तो लावायचा त्याच रात्री, बारा वाजायच्या आधी, पावणेबाराचा. पावणेबाराला फोनचा वार आणि आपल्या तोंडातला वार एकच असतो, शुक्रवार म्हणजे शुक्रवारच, चुकायला जागाच राहत नाही. पाऊण तास आधी उठलं तर काही बिघडत नाही, लाईट आहे का, नेट चालू आहे का बघता येतं, पावसात दोन्हीचा भरवसा नसतो. फोन पूर्ण चार्ज आणि पॉवर बँक जवळ.

एकत्र बघताना

ऑस्ट्रेलियात सगळ्या १०४ मॅच एसबीएस या चॅनेलवर फुकट आहेत, टीव्हीवर आणि त्यांच्या ॲपवर. ते ॲप भारतात चालत नाही, त्यामुळे दादाच्या लॉगिनवर इथून बघता येईल असं धरून चालू नका, आपण आपल्याकडचंच बघायचं. आणि मग येतो मागेपुढे व्हायचा प्रश्न. अँटेनाच्या टीव्हीवरचं चित्र पुढे असतं, मोबाईलच्या ॲपवर अर्धा मिनिट किंवा जास्तही मागे, मग भाचा तिकडे ओरडतो आणि इकडे अजून बॉल मिडफिल्डमधे. याला उपाय म्हणजे ज्याचं चित्र सगळ्यात मागे आहे त्याच्यासाठी बाकीच्यांनी थांबायचं, ॲप असेल तर पॉज करून स्क्रीनवरचं मॅचचं घड्याळ एक करायचं, तुमच्याकडे १२:१० झाले का, आमच्याकडे झाले, चालू करा. टीव्ही थांबवता येत नसेल तर त्या घराने कॉल म्यूट ठेवायचा आणि गोलनंतर मिनिटभराने उघडायचा. स्कोअरच्या ॲपची नोटिफिकेशन सगळ्यांनी बंद करायची, ती सगळ्यांच्या पुढे धावतात.

वेळ किती धरायची तर ग्रुपच्या मॅचला दोन तास आणि वर थोडा. यावेळी प्रत्येक हाफमधे तीन मिनिटांचा पाणी प्यायचा ब्रेकही ठेवलाय. नॉकआउटला तीन तास धराच, एक्स्ट्रा टाईम, पेनल्टी. आणि अमेरिकेतल्या उन्हाळ्यात वीज कडकडली की मॅच थांबवतात, २०२५ च्या क्लब वर्ल्ड कपमधे शार्लटला चेल्सी-बेनफिकाची मॅच संपायला काही मिनिटं असताना जवळजवळ दोन तास थांबली होती. मेलबर्नला पहाटे पाचची मॅच असेल आणि आठला ऑफिसचं कॉल असेल तर हे ध्यानात ठेवा.

ग्रुपच्या शेवटच्या मॅच

ग्रुपच्या शेवटच्या दोन मॅच एकाच वेळी सुरू होतात. १९८२ मधे स्पेनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोघांनाही आधीच्या मॅचचा निकाल माहीत होता, १-० वर दोघं खेळायचे थांबल्यासारखे झाले आणि अल्जीरिया बाहेर गेली, त्यानंतर हा नियम आला. म्हणजे एक टीव्हीवर आणि दुसरी फोनवर, किंवा एक ठाण्याने बघायची आणि एक पर्थने. आम्ही वाटून घेतो.

यावेळी तिसऱ्या नंबरच्या आठ टीमही पुढे जातात त्यामुळे ग्रुप संपेपर्यंत, म्हणजे २७ जूनपर्यंत, कोण कुठे खेळणार ते कळतच नाही. पण मॅचच्या तारखा आणि वेळा आधीच ठरलेल्या आहेत, नावं नसली तरी. म्हणून रिकामे चौकोन आत्ताच भरून ठेवा. अमेरिकेच्या तारखेने ३२ ची फेरी २८ जून ते ३ जुलै, १६ ची ४ ते ७ जुलै, क्वार्टर ९ ते ११, सेमी १४ ला डॅलस आणि १५ ला अटलांटा, फायनल रविवार १९ जुलैला न्यूजर्सीत. सेमी आणि फायनल तिन्ही न्यूयॉर्कच्या दुपारी तीनला, म्हणजे ठाण्यात १४ ची रात्र, १५ ची रात्र आणि १९ ची रात्र साडेबारा, मेलबर्नला १५, १६ आणि २० जुलैची पहाट पाच. फायनल तिकडे सोमवारी सकाळी आहे. रजा टाकायची असेल तर तिकडच्यांनी सोमवारची टाका आणि इकडच्यांनीही सोमवारचीच, रविवार बघून निवांत राहू नका.

हिवाळी फरक उन्हाळ्यात चालत नाही

वरचे साडेचार, चार, अडीच हे एप्रिल ते सप्टेंबरचे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सिडनी, मेलबर्न, कॅनबेरा, होबार्ट आणि ॲडलेड घड्याळ एक तास पुढे करतात, एप्रिलच्या पहिल्या रविवारी परत मागे. ब्रिस्बेन, डार्विन, पर्थ करत नाहीत. मग मेलबर्न आपल्यापुढे साडेपाच, ॲडलेड पाच, ब्रिस्बेन साडेचार, डार्विन चार, पर्थ अडीच, म्हणजे तीनाची पाच घड्याळं. मार्च २०२६ चा महिलांचा आशियाई कप तिथेच होता, सिडनी, गोल्ड कोस्ट आणि पर्थला, आणि एकाच स्पर्धेत आपल्यापासून साडेपाच, साडेचार आणि अडीच असे तीन फरक. त्याच्या आधीची, २०२२ ची, फायनल आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटीलला झाली होती, चीनने दक्षिण कोरियाला ३-२ ने हरवलं, तेव्हा घड्याळाचा त्रास तिकडच्यांना होता.

पुढचा पुरुषांचा आशियाई कप सौदीला, ७ जानेवारी ते ५ फेब्रुवारी २०२७, म्हणजे भर उन्हाळी घड्याळात. रियाध रात्री आठ म्हणजे ठाणे रात्री साडेदहा, पर्थ रात्री एक, ब्रिस्बेन पहाटे तीन, ॲडलेड साडेतीन, मेलबर्न चार. आपल्याला ती स्पर्धा फार सोयीची, त्यांना फार जड. तेव्हा त्यांच्यासाठी जागायची पाळी नाही, त्यांना उठवायची पाळी आपली, एक फोन करायचा.

भाचा आता मोठा झालाय, क्लबच्या टीमकडून लेफ्ट बॅक खेळतो आणि स्वतःच्या फोनवरून कॉल लावतो. १९ जून, शुक्रवार, रात्री पावणेबारा, तिकडे शनिवारचे सव्वाचार, असा अलार्म आम्ही दोघांनी एकाच वेळी कॉलवर बसून लावलाय, आणि त्या रात्री माझा फोन सायलेंटवर नसेल.